नोंदवहीचा पाठ

गडियाहाटच्या चौकातून बालीगंज फांडीकडे जाताना डाव्या हाताच्या एका गल्लीत काही वर्षांपूर्वी एक सायबर कॅफे होता. सहा संगणक, एक प्रिंटर आणि दाराशी टेबलावर एक लांबट नोंदवही. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम केले, तेव्हापासून ती वही आली. येणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, कोणता संगणक, बसण्याची वेळ, उठण्याची वेळ, हे सगळं तिच्यात लिहायचं आणि निदान वर्षभर जपायचं. संगणकावर कोणती पानं उघडली, त्याचा इतिहासही तितकाच काळ ठेवायचा. घरचं इंटरनेट बंद पडलं किंवा प्रकाशकाला शेवटची प्रूफं पाठवायची असली की मी तिथे जायचे.

एकदा सही करताना सहज मागची पानं उलटली. आठवड्यापूर्वीच्या माझ्या ओळीत आडनाव बंगाली उच्चाराप्रमाणे लिहिलेलं होतं आणि उठण्याची वेळ लिहायचीच राहिली होती. त्या वहीच्या हिशेबानं मी आठ दिवस तिथेच बसून होते. मालकांना म्हटलं, "दादा, इथे माझी जाण्याची वेळ राहिली आहे." ते हसून म्हणाले, "राहू द्या दीदी, कोण बघतंय?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. अशा वह्या आता टेबलावर नसतात. त्या कंपन्यांच्या यंत्रांत, सेकंदाच्या हिशेबानं, आपोआप लिहिल्या जातात. न्यायालयं आणि तपास यंत्रणा त्या मागवतात, वाचतात आणि त्यांवरून माणसाबद्दल मत बनवतात. या विषयावर वकील आणि संगणकतज्ज्ञ लिहितात. साहित्याच्या अंगानं फारसं कुणी लिहीत नाही. मला मात्र हा प्रश्न आपल्या घरचा वाटतो, कारण मागवलेली नोंद हा शेवटी एक पाठ आहे. तिला लेखनिक असतो, नक्कल करणारा असतो आणि वाचणाराही असतो. यादवपूरला तौलनिक साहित्याच्या वर्गात कोणत्याही पाठाला आम्ही तीन प्रश्न विचारायला शिकलो: याचा कर्ता कोण, यात म्हटलं काय आहे, आणि वाचतं कोण. तेच तीन प्रश्न इथे विचारून पाहते.

कर्ता

पहिल्या प्रश्नासाठी पुण्याला जावं लागतं. ऑर्कुटचे दिवस होते. कुणीतरी तिथे शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला. पुण्यात या विषयाचं तापमान काय असतं ते सांगायला नको. 5 जानेवारी 2004 रोजी एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाच्या निमित्तानं भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन गेलेला होता. पुणे पोलिसांनी माग काढला. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून आला, त्या पत्त्याचा ग्राहक कोण हे एअरटेलकडून मिळवलं. 31 ऑगस्ट 2007 रोजी बंगळूरमधल्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. तो पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात होता. त्यानंतर उघड झालं, की कंपनीनं दिलेला तपशील चुकीचा होता. मजकूर त्याचा नव्हताच.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्यावर त्या अटकेआधी जसा कुणाचा काही दावा नव्हता तसा आजही नाही. पण नाव शोधलं की प्रकरणच आधी पुढे येतं.

ही चूक होते कशी, हे साहित्याच्या माणसाला समजायला अवघड नाही. आयपी पत्ता म्हणजे दारावरची पाटी नव्हे. घरगुती ग्राहकाला कंपनी बहुधा तात्पुरता पत्ता देते. तोच आकडा सकाळी एकाच्या घरी असतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. म्हणून पत्त्याइतकीच वेळ महत्त्वाची. संकेतस्थळाच्या नोंदीत अमेरिकेतली वेळ असू शकते किंवा ग्रिनिचची. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. विचारणाऱ्यानं हा फरक नोंदवला नाही, सकाळ की दुपार हे लिहिलं नाही, आकडे उतरवताना एक अंक इकडचा तिकडे झाला, तर उत्तर म्हणून एक पूर्ण, सुबक, अधिकृत शिक्क्याचं नाव येतं. ते नाव कुणाचं तरी असतंच. नोंदवहीला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही.

पोथ्यांची चिकित्सा करणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं. ओळ गळते, शब्द दोनदा पडतो, समासातली टीप मजकुरात शिरते. ज्या पुण्यात हे प्रकरण घडलं, त्याच पुण्यात भांडारकर संस्थेनं 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते 1966 साली पुरं झालं. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीनं बाराशेहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली, आणि एकेका श्लोकाखाली कोणत्या पोथीत काय पाठ आहे याची नोंद झाली. एका शब्दावर विश्वास ठेवण्याआधी इतकी साक्ष मागणाऱ्या शहरात एका माणसाला तुरुंगात टाकायला एका प्रतीवरची एक ओळ पुरली. दुसरी प्रत कुणी मागितली नाही. त्याच्या घरचा संगणक, त्या वेळी तो कुठे होता याची साक्ष, संकेतस्थळाची मूळ नोंद, हे सगळं जुळवून मगच त्याच्या दारावर थाप पडायला हवी होती.

मिशेल फूको यांनी 1969 च्या एका व्याख्यानात मांडलं होतं, की ग्रंथांना खऱ्या अर्थानं कर्ते मिळू लागले ते कर्त्याला शिक्षा करता येऊ लागली तेव्हा. वर्गात हे ऐकताना ते मला इतिहासातलं वाटलं होतं. पुण्याच्या प्रकरणात ते उलट्या क्रमानं घडलं: आधी शिक्षा ठरली, मग तिला बसेल असा कर्ता नोंदवहीतून काढला गेला.

इथे कायद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आपण 'न्यायालयाच्या आदेशानं' म्हणतो, पण आपल्याकडे पुष्कळदा न्यायालय त्यात येतच नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 नुसार कागदपत्र हजर करा असा लेखी आदेश न्यायालय देऊ शकत असे, तसाच पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 94 मध्ये आहे आणि तिच्यात इलेक्ट्रॉनिक संदेशांचा स्पष्ट उल्लेख आहे. गंमत पुढे आहे. टपालखात्याच्या ताब्यातलं पत्र किंवा साधं पोस्टकार्ड मात्र या अधिकारातून वगळलेलं आहे. ते हवं असेल तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांच्याकडेच जावं लागतं. म्हणजे पोस्टमनसकट सगळ्यांना वाचता येणाऱ्या पोस्टकार्डाला जे संरक्षण आहे, ते माझ्या रात्री दोन वाजताच्या शोधांना नाही.

पाठ

दुसरं प्रकरण माझ्या विद्यापीठातलं. 2012 च्या एप्रिलमध्ये यादवपूरचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली. त्यांनी आपल्या गृहसंस्थेच्या ईमेलवरून सदस्यांना एक व्यंगचित्र पुढे पाठवलं होतं. इथे कर्ता शोधायची गरज नव्हती. पाठवणारा कोण हे उघड होतं. घोटाळा झाला तो वाचण्यात.

त्या वर्षी मार्चमध्ये रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांना पद सोडावं लागलं आणि मुकुल राय यांना ते मिळालं. व्यंगचित्रानं ही घटना सत्यजित राय यांच्या 1974 च्या 'सोनार केल्ला' चित्रपटाच्या चौकटीत बसवली होती. त्या चित्रपटातल्या लहान मुलाचं नाव मुकुल. खलनायक त्याला समजावतो, की वाईट माणूस आता नाहीसा झाला. त्यासाठी तो जो इंग्रजी शब्द वापरतो, 'व्हॅनिश', तो इथल्या घराघरांत लाडानं म्हटला जातो. बिस्किटाचा पुडा संपला तरी बालीगंजमधली मुलं म्हणतात, व्हॅनिश. सत्ताधारी बाजूनं याच शब्दात कट पाहिला.

अनुवादक म्हणून या प्रकरणानं मला अस्वस्थ केलं, कारण हा विनोद मराठीत आणायचा तर मला तीन तळटीपा द्याव्या लागतील. तळटीपांशिवाय तो धमकीसारखा दिसेलही. पण इथे वाचणारे बंगालीच होते, त्यांना एकाही टीपेची गरज नव्हती. तरीही संदर्भ गळून फक्त शब्द उरला. नोंद मागवणाऱ्या व्यवस्थेत हेच नेहमी घडतं. मजकूर उचलला जातो. तो ज्या ओळखीत, ज्या थट्टेत, ज्या चित्रपटाच्या आठवणीत जगतो, ती मागेच राहते. ज्या कलम 66 अ खाली हा खटला होता, ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. प्राध्यापक महापात्र मात्र आलिपूरच्या न्यायालयातून दोषमुक्त झाले ते 2023 च्या जानेवारीत. एका पुढे पाठवलेल्या चित्राच्या अर्थनिर्णयाला जवळजवळ अकरा वर्षं लागली.

वाचक

तिसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण नोंदी सर्वांत जास्त जमतात त्या वाचकाच्या. लिहिणारे थोडे, वाचणारे सगळेच.

श्रेया सिंघल खटल्याच्या मुळाशी पालघर होतं. 17 नोव्हेंबर 2012 ला बाळासाहेब ठाकरे गेले. त्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, तिला अटक झाली. तिच्या मैत्रिणीलाही झाली, आणि त्या मैत्रिणीनं काहीच लिहिलं नव्हतं. तिनं फक्त 'लाइक' केलं होतं. म्हणजे वाचून मान डोलावली होती. गावच्या पारावर बसून कुणी मान डोलावली तर त्याची नोंद होत नाही. इथे झाली, म्हणून ती पुरावा झाली.

2019 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या सुनावणीत त्यांच्या घरातून जप्त झालेल्या पुस्तकांची यादी वाचली गेली. 'वॉर अँड पीस' घरी का ठेवलं, अशी विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर टॉल्स्टॉयच्या नावानं हसू झालं. दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींनी खुलासा केला, की टॉल्स्टॉय आपल्याला ठाऊक आहे. पोलिसांनी केलेली यादी वाईट हस्ताक्षरात होती. यादीतलं पुस्तक होतं विश्वजित राय यांनी संपादित केलेलं 'वॉर अँड पीस इन जंगलमहल', म्हणजे आमच्याच बंगालच्या पश्चिम भागाविषयीचं. हसण्याच्या भरात मूळ मुद्दा निसटला. पुस्तक टॉल्स्टॉयचं नाही हे कळल्यावर अनेकांचं समाधान झालं. जणू जंगलमहलवरचं पुस्तक घरी असणं हे उत्तर द्यायला लावण्याजोगं आहे. त्यांना जामीन मिळाला तो 28 जुलै 2023 रोजी. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की नुसतं साहित्य जवळ असणं हा दहशतवादाचा गुन्हा होत नाही.

कपाटातली पुस्तकं मोजायला निदान घरी यावं लागतं, पंचनामा करावा लागतो. पडद्यावरच्या वाचनाला तेही लागत नाही. जुलै 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश लुइस स्टँटन यांनी गूगलला आदेश दिला, की यूट्यूबवर कोणत्या खात्यानं, कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणती चित्रफीत कधी पाहिली याच्या सगळ्या नोंदी व्हायाकॉम या कंपनीला द्याव्यात. सुमारे बारा टेराबाइट माहिती. वाद स्वामित्वहक्काचा होता आणि तो दोन कंपन्यांत होता. पाहणाऱ्यांपैकी कुणीही त्यात पक्षकार नव्हतं. मुंबईत, कोल्हापुरात, बालीगंजमध्ये बसून कुणी जुनं नाट्यगीत ऐकलं असेल तर तीही ओळ त्यात होती. ओरड झाल्यावर दोन आठवड्यांतच दोन्ही पक्षांनी नावं आणि पत्ते झाकून नोंदी द्यायचं ठरवलं. म्हणजे झाकलेल्या नोंदींवर काम भागत होतं. मग आधी उघड्या का मागितल्या, हा प्रश्न उरतो. 2025 च्या मे महिन्यात त्याच न्यूयॉर्कमध्ये, पुन्हा स्वामित्वहक्काच्याच दाव्यात, ओपनएआय कंपनीला वापरकर्त्यांनी पुसलेले संवादसुद्धा जपून ठेवायला सांगण्यात आलं.

हे दावे लेखकांच्या आणि प्रकाशकांच्या हक्कांसाठी असतात. मी अनुवादावर जगते. स्वामित्वहक्क माझी भाकरी आहे. म्हणूनच मला हे बोचतं. लेखकाचा हक्क राखायला वाचकाची वही उघडावी लागत असेल, तर आपण ज्याच्यासाठी लिहितो त्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो.

सध्या मी सत्तरच्या दशकातल्या कोलकात्यावरची एक बंगाली कादंबरी मराठीत आणते आहे. तिच्यात 'पेटो' हा शब्द वारंवार येतो. पेटो म्हणजे त्या काळी गल्लीबोळांत बनणारा हातबॉम्ब. तो कशात बांधत, आवाज कसा येई, हातात कसा धरत, पाइपगन म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय मला क्रियापद सुचत नाही. महाश्वेतादेवी ज्या बालीगंज स्टेशन रोडवर राहिल्या, तिथून जवळच बसून गेले तीन महिने मी हे शब्द शोधते आहे. माझी नोंदवही कुणी मागवली तर तिच्यात एक मध्यमवयीन बाई रात्री दोन वाजता बॉम्बची माहिती शोधताना दिसेल. क्रियापदाच्या शोधात असलेली अनुवादक तिच्यात दिसणार नाही, कारण त्यासाठी रकाना नाही.

मग काय करायचं

नोंदी कुणी कधी मागवूच नयेत, असं मी म्हणणार नाही. इंटरनेटवर छळ सोसलेल्या मुलीला त्या छळणाऱ्याचं नाव हवं असतं, आणि ते अशाच नोंदीतून मिळतं. म्हातारपणीची पुंजी फोनवरच्या भामट्यानं लुटली तर त्याचा मागही असाच निघतो. न्यायालयाला पुरावा लागतो.

पण पुरावा म्हणून जो पाठ घ्यायचा त्याची चिकित्साही करावी लागते. आज कायदा मुख्यतः एक गोष्ट मागतो: प्रत खरी असल्याचं प्रमाणपत्र. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2020 रोजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला असं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. ते योग्यच आहे. मात्र त्याची मर्यादाही ओळखावी. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहीत, की समोर जसं होतं तसं उतरवलं, चुकीचा दोष मला देऊ नये. प्रमाणपत्र तेवढंच सांगतं. मुळात प्रश्न बरोबर विचारला होता का, वेळ कोणत्या घड्याळाची होती, हे ते सांगत नाही.

म्हणून तीन गोष्टी तरी हव्यात. नोंद मागण्याआधी तपास यंत्रणेच्या बाहेरच्या कुणी, म्हणजे न्यायाधीशानं, मागणी तपासावी. मागणी एका माणसाच्या एका कृतीपुरती असावी, सगळ्यांच्या सगळ्या वाचनाची नसावी. आणि ज्याची नोंद आहे त्याला, तपासाला बाध येत नसेल तेव्हा, ती दाखवावी. कारण त्या पाठातली चूक ओळखू शकणारा पहिला माणूस तोच असतो. बंगळूरच्या त्या अभियंत्याला ती ओळ पहिल्याच दिवशी तपासायला मिळाली असती आणि त्याचं म्हणणं कुणी पडताळलं असतं, तर पन्नास दिवस गेले नसते. आत्ताची दिशा मात्र नोंदी वाढवण्याची आहे. 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी यंत्रांच्या नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं गुन्ह्याच्या तपासाला बऱ्याच बंधनांतून सूट दिली आहे.

शेवटी शब्दाबद्दल, कारण माझं काम शब्दाचं. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी जो हक्क मूलभूत मानला, त्याला मराठी वृत्तपत्रांनी कधी 'गोपनीयतेचा' तर कधी 'खासगीपणाचा' हक्क म्हटलं. गोपनीयतेची शपथ मंत्री घेतात. ते राज्याचं गुपित. खासगी हा पेशवाईपासून राज्यकर्त्याच्या स्वतःच्या खर्चाचा शब्द. होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे. दोन्ही शब्द सत्तेच्या वाड्यातून आलेले. गोपनीयता म्हटलं की लगेच प्रश्न येतो, लपवायला काय आहे? मी अनुवादात 'खासगीपण' वापरते. त्यात निदान लपवण्याचा आरोप नाही, आणि जे एकेकाळी फक्त राजाचं होतं ते आता माझंही आहे, एवढा अर्थ त्यात भरता येतो.

तो कॅफे बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. वहीचं काय झालं, हे मी दादांना विचारलं नाही. ती रद्दीत गेली असेल तर उत्तमच. नसेल, तर तिच्यात बंगाली आडनावाची एक बाई अजून तीन नंबरच्या संगणकावर बसलेली आहे, आणि ती उठली हे सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही.